स्कॉटलंड कुणी जिंकलं नव्हतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ब्रिटनच्या राजघराण्यावर लेख आलाय, त्यात लिहिलंय की १७०७ साली इंग्लंडनं स्कॉटलंड जिंकून घेतलं आणि ब्रिटन तयार झालं. आमच्या कट्ट्यावर सकाळी पेपर मोठ्यानं वाचला जातो, तिथं हे वाक्य वाचलं गेलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही म्हणून लिहितोय.

१६०३ ला एलिझाबेथ राणी वारली, लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नाही, मग गादीवर कोण आलं तर स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स, म्हणजे जिचा याच एलिझाबेथच्या सहीनं १५८७ ला शिरच्छेद झाला त्या स्कॉटलंडच्या मेरी राणीचा मुलगा. तो लंडनला आला आणि तिथं पहिला जेम्स झाला. तिकडचा राजा इकडं येऊन बसला, यात कुणी कुणाला जिंकलं?

आणि राजा एक झाला म्हणून राज्य एक झालं नाही हो. पार्लमेंट दोन, कायदे दोन, राज्याभिषेकसुद्धा वेगळे. दुसऱ्या चार्ल्सला स्कॉटलंडनं १६५१ लाच मुकुट घातला, लंडनला तो घालायला १६६१ उजाडलं. हे कोल्हापूरकराला तरी पटकन कळायला पाहिजे, आपल्याकडं घराणं एक आणि गाद्या दोन, सातारा आणि कोल्हापूर, १७३१ च्या वारणेच्या तहानं ते पक्कं झालं. त्यांच्याकडं गाद्या दोन आणि माणूस एक. उद्या कुणी लिहिलं की कोल्हापूर साताऱ्यानं जिंकलं होतं तर आपण गप्प बसू का?

तलवारीच्या जोरावर दोन्ही राज्यं एक केली ती पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल यानं, राजाच नसताना, आणि १६६० ला राजा परत आल्यावर ते मोडलं. १७०७ ला झालं ते दोन्ही पार्लमेंटांनी कायदे पास करून. तो सौदा राजीखुशीचा होता असंही मी म्हणत नाही, पनामाकडं डॅरियनला वसाहत करायच्या नादात स्कॉटलंडचा पैसा बुडाला होता, तेव्हा दोन्ही गाद्यांवर असलेल्या अ‍ॅन राणीच्या मागं वारस नव्हता (सतरा वेळा दिवस गेले पण तिच्यामागं एकही मूल उरलं नाही, वाचताना जीव कळवळतो) आणि पुढचा राजा दोन्हीकडं वेगळा निघेल याची लंडनला धास्ती होती. एडिंबराच्या रस्त्यावर दंगे झाले. तरी १ मे १७०७ ला एक राज्य झालं, पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात स्कॉटलंडला ४५ जागा मिळाल्या, कायदा आणि चर्च त्यांचं त्यांच्याकडंच राहिलं. आयर्लंड तर १८०१ ला जोडलं, तिसऱ्या जॉर्जच्या काळात.

त्याच १७०७ ला औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले आणि आपल्या ताराराणी गादीसाठी उभ्या राहिल्या. कावळा नाक्यावरच्या त्यांच्या पुतळ्यासमोरून जाताना माझ्या मनात येतं, तिकडं अ‍ॅन आणि इकडं ताराबाई, एकाच वेळी दोन बायका राज्य सांभाळत होत्या. हे पोरांना सांगितलं तर सनावळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

आणखी एक. रायगडावर १६७४ ला राज्याभिषेकाला ऑक्झेंडन आला तो इंग्रजांचा वकील, तेव्हा ब्रिटिश राज्य जन्मालाच आलं नव्हतं, म्हणून त्याला इंग्रज म्हणणं बरोबर. पण व्हिक्टोरियाला सरसकट ‘इंग्लंडची राणी’ छापता ते चुकीचं आहे. स्कॉट लोकांना हे किती लागतं बघा, तिथं पहिली एलिझाबेथ कधी झालीच नव्हती म्हणून नव्या एलिझाबेथ राणीच्या नावापुढं ‘दुसरी’ असं कोरलेली टपालपेटी १९५३ ला एडिंबरात स्फोटानं उडवली होती.

पुरवणीतली चूक येत्या रविवारी दुरुस्त करून छापावी. आमच्या गल्लीतली बरीच पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात आणि तुमच्या पेपरची कात्रणं वहीत चिकटवतात, हा लेखही चिकटवला असणार.

आपला,
एक जुना वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर