फेरा उलटा काढ

सोलापूर,
१२ नोव्हेंबर

प्रिय दिन्या,

तीन दिवसांच्या सायकल फेऱ्याचं तुझं पत्र आणि नकाशा दोन्ही मिळालं. तळी, माळ, जंगल, घाट सगळं धरलंस, पण फेरा उलटा काढलास बे. आधी तुळजापूर, मग धाराशिव, येडशी, बार्शी आणि नान्नजवरून परत असं गेलास, तर पहिल्याच सकाळी भरल्या सायकलीनं तुळजापूरचा घाट अंगावर येईल. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, तुळजापूर साडेसहाशेच्या. त्यात डिसेंबरात आपल्याकडं वारं पूर्वेकडनं, ईशान्येकडनं येतं, म्हणजे येडशीपर्यंत उत्तरेला जाताना ते तोंडावर राहणार. येडशी ते बार्शी हा तुकडा तुझ्या दिशेनं सोपा आहे, कबूल. पण त्या पंचवीसेक किलोमीटरच्या सुखापायी बाकीचा सगळा फेरा जड करू नकोस. आधी बार्शी, मग येडशी, मग तुळजापूर आणि नळदुर्गावरून घरी ये.

हिप्परग्याचा तलाव फेऱ्यात घेऊ नकोस. तो आल्या दिवशी संध्याकाळी कर. शहरापासून सात-आठ किलोमीटर, तुळजापूर रस्त्याला. सगळं सामान लादून तिथवर जा आणि परत ये. कॅरिअर वाजतो का, टाच बॅगेला लागते का, मागचं चाक डुलतं का, हे तिथंच कळेल आणि दुरुस्तीला रात्र हाताशी राहील. तलावाचं जुनं नाव एकरुख. इंग्रजांच्या काळात आदिला नदीवर बांध घालून १८७१ साली पुरा झाला. पाणी बरं असेल तर थंडीत चक्रवाक आणि थापट्या दिसतात. काठावर मात्र सायकल ढकलत नेऊ नकोस, खांद्यावर घे. का ते पुढं सांगतो.

पहिला दिवस सोलापूर ते बार्शी, सत्तरेक किलोमीटर. उजेड होता होता निघ. वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक दिसेल या आशेवर मात्र येऊ नकोस, आता तो जवळजवळ संपल्यात जमा आहे. काळवीट, धाविक, चंडोल, हिवाळी भोवत्या आणि नशीब असेल तर लांडगा, एवढं धरून चाल. आत जायचं तर वनखात्याला विचारून, आखल्या वाटेनंच. माळ मोकळा दिसतो म्हणून त्यात चाक घालू नकोस. तिथली कितीतरी पाखरं भुईवरच अंडी घालतात. मेंढरांचा कळप दिसला की लांबूनच खाली उतर आणि सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरून चालत पुढं जा. धनगरांची कुत्री चालत्या माणसाला सोडतात, पळत्या चाकाला सोडत नाहीत.

पुढं वडाळा, वैराग, बार्शी. वैरागात पाणी भरून घे. बार्शी तालुक्यात हिंगणी आणि जवळगाव हे दोन मध्यम प्रकल्प आहेत. ऊन चढायच्या आत वैरागला पोचलास तर त्यातल्या एकाला वळसा घाल, नाहीतर सरळ बार्शी गाठ. पण वाट माणसाला विचार, मोबाईलला नको. मोबाईल पाणंदीला रस्ता समजतो. ती पाणंद काळ्या रानातून निघते आणि कुणाच्या तरी विहिरीवर जाऊन संपते. वरच्या अंगाला पाऊस झाला असेल तर काळी माती चाकाला अशी धरते की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बोटभर जागा असली तरी दहा पावलांत चाक जाम. मग काडीनं उकरत बस.

दुसरा दिवस खरा कसाचा. बार्शीहून पांगरीवरून येडशी, पूर्वेकडं तोंड आणि बालाघाटाचा चढ. वारं सकाळी नऊनंतर जोर धरतं, म्हणून निम्मा रस्ता त्याच्या आधी मागं पडला पाहिजे. पुढची चकती तीस-बत्तीस दातांची आणि मागची सगळ्यात मोठी चौतीसची असेल तर बसून चढशील. तुझी जुनी पन्नास दातांची चकती घेऊन येणार असशील तर ढकलायची तयारी ठेव. येडशीजवळचं रामलिंगाचं देऊळ दरीत आहे. भोवती कोरडं पानझडीचं जंगल, डिसेंबरात अजून थोडी पानं असतात, फेब्रुवारीत नुसते खराटे. धबधबा पावसाळ्याचाच, त्याची वाट बघू नकोस. रावणाशी झुंजलेला जटायू इथंच पडला असं लोक सांगतात. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी याच मुलखातून लातूरकडं जायची. कुर्डुवाडी-बार्शी हा तिचा पहिला टप्पा १८९७चा, रूळ अडीच फुटी. माकडांसमोर बॅगेचं तोंड उघडं टाकू नकोस, केळी तर दाखवूच नकोस. मुक्काम तिथं नाही.

येडशीपासून दक्षिणेला वळलास की वारं पाठीशी. धाराशिव अठरा-वीस, पुढं तुळजापूर बावीस-पंचवीस. हमरस्ता आहे, कंटाळवाणा, पण कडेला जागा मिळते. तुळजापुरात मंगळवार, शुक्रवार, रविवार गर्दी असते आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्रात तर खोलीच मिळणं मुश्कील. वार बघून ये.

तिसरा दिवस तुळजापूर ते नळदुर्ग तेहतीसेक, तिथून सोलापूर पन्नासच्या आत. नळदुर्गात किल्ल्याच्या आत बोरी नदीला बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे, इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळातला. नर-मादी धबधबे बांध भरून सांडायला लागला तरच. मला विचारशील तर अख्ख्या फेऱ्यात थांबायची जागा हीच, दोन तास दे. नंतर हैदराबाद रस्त्यानं पश्चिमेला, वारं पाठीशी, ट्रक डोक्याशी. पाय अगदीच गेले तर नळदुर्ग सोड, तुळजापूरहून सरळ घाट उतरून पंचेचाळीस किलोमीटरवर घर. उतारावर ब्रेक दाबून धरू नकोस, दाब-सोड कर. सामानासकट रिम तापली की ट्यूब फुटते.

आता काटे. या फेऱ्यात माणूस थकून थांबत नाही, पंक्चरनं थांबतो. दोन शत्रू. सराटा बारीक, तीन-चार तोंडांचा, टायरमधून सरळ आत. वेड्या बाभळीचा काटा लांब, तो बाजूच्या भिंतीतून शिरतो. शेतकरी कुंपणाला बाभळीच्या फांद्या ओढत नेतात, त्यांचे काटे रस्त्याच्या कडेला सांडतात. म्हणून डांबराच्या कडेपासून दोन फूट आत चालव आणि रस्ता सोडताना सायकल उचल. टायर ७०० बाय ३८चा घाल. तुझ्या वजनाला दहा-बारा किलो सामान धरून हवा मागं पंचावन्न पीएसआय, पुढं पंचेचाळीस. ट्यूबमध्ये शंभर मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं औषध, भर. त्यासाठी व्हॉल्व्हची सुई निघणारी ट्यूब घे. काटा दिसला की उपट आणि ते भोक खाली येईल असं चाक फिरव. पंक्चर काढलंच तर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरव. तुटलेलं टोक तिथंच राहतं आणि किलोमीटरभरात दुसरं पंक्चर देतं. बोटानं चाचपशील तर बोटात जाईल. सोल्युशन पातळ लावून पाच मिनिटं वाळू दे, ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हात सुटतो. सोल्युशनची नळी नवी घे, एकदा फोडलेली महिन्याभरात आतल्या आत वाळते.

वाटेतल्या पंक्चरवाल्याकडं तुझ्या मापाची ट्यूब मिळेल असं धरू नकोस, तीन जवळ ठेव. तुझा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असेल तर पितळी अडॅप्टर विसरू नकोस, त्याच्याशिवाय पेट्रोलपंपावरची हवा बघत बसशील. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे तीन जादा स्पोक फ्रेमला चिकटपट्टीनं बांध. सगळं सामान मागं लादलं की तुटतो तो तिकडचाच, आणि रिम डावीकडं ओढली जाते. तुटला तर तुकडा शेजारच्या स्पोकला बांध आणि लगतचे डावीकडचे दोन अर्धा फेरा सैल कर, गाव गाठेपर्यंत चालतं. साखळीची जोडकडी, गिअरची एक केबल, मागचे ब्रेकपॅड जादा घे. गिअर बदलताना साखळी सरकवणारा डिरेलर ज्या कानाला लटकतो तो कान तुझ्याच फ्रेमचा पाहिजे, तो पुण्यातूनच आण.

पाणी चार लिटर सोबत, पाचवा वाटेत. ओआरएसच्या सहा पुड्या. साखर कारखाने सुरू आहेत, म्हणजे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं लाल दिवा असेलच असं नाही. मागून धरून जाऊ नकोस, ऊस निसटून चाकात येतो. अंधारात त्या रस्त्यावर राहायचंच नाही. डिसेंबरात सहाला दिवस बुडतो, पाचला मुक्कामावर ये.

उजनी धरण या खेपेला सोड. तिथले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर फेब्रुवारीत जेऊरला गाडीतून उतरून वेगळा फेरा करू. आणि संक्रांतीच्या आठवड्यात येऊ नकोस, गड्ड्याच्या यात्रेत इथं लॉजवर जागा नसते. डिसेंबरचा दुसरा आठवडा बरा, ज्वारी हुरड्यावर यायला लागते.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी आई बांधून देणार आहे, तीन दिवसांची. डबा मात्र पत्र्याचा आण, प्लॅस्टिकच्या पिशवीत भाकरीचा चुरा होतो. गाडीचा नंबर कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
बाळ्या