'यांना दातांची किंमतच नाही' असं लिहिलंस, त्याबद्दल

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इंटर्नशिपमध्ये हात बसतोय, भीती गेलीय, हे वाचून फार बरं वाटलं. एका वाक्यापाशी मात्र मी थांबले. तू लिहिलंस, 'आई, रूट कॅनॉल करून सहज वाचेल अशी दाढ लोक सरळ काढून टाकायला सांगतात. समजावलं तरी ऐकत नाहीत. यांना दातांची किंमतच नाही.' हे तू कळवळ्यानं लिहिलंयस, ते मला कळतं. पण दंतविभागात वर्षानुवर्षं काम करताना हेच वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते म्हणणारा माणूस हळूहळू पेशंटकडे बघेनासा होतो, हेही पाहिलं आहे. तुझ्या तोंडी ते रुळू नये म्हणून आज सविस्तर लिहितेय.

दाढ काढायची तर एक फेरी पुरते. रूट कॅनॉलला बहुतेक ठिकाणी दोन-तीन फेऱ्या, त्यात एक्स-रे, मग कॅपचं माप, मग कॅप. हातावर पोट असलेल्याची प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. मालकाची बोलणी खावी लागतात, घरी लहान मूल असेल तर ते कुणाच्या तरी गळ्यात घालून यावं लागतं. आणि तुझ्यासमोर येऊन बसण्याआधी त्या माणसानं कित्येक महिने वेदनाशामक गोळ्यांवर काढलेले असतात. कॅपचे पैसे जमले नाहीत तर अर्धवट सोडलेली ती दाढ पुढे फुटते आणि शेवटी काढावीच लागते, हे त्यानं शेजारीपाजारी पाहिलेलं असतं. त्याचा हिशोब चुकीचा नाही गं. दाताची किंमत त्याला माहीत आहे, पण बुडालेल्या दिवसाची किंमत त्याला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

किड कशी लागते ते तुला मी शिकवायला नको. साखर मिळाली की जंतू आम्ल तयार करतात, तोंडातला पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणातली, खनिजं विरघळायला लागतात, आणि लाळेला पुरेसा वेळ मिळाला तर ती हे नुकसान भरून काढते. या साखळीत 'वेळ' हा भाग परीक्षेत आपण एका ओळीत लिहून मोकळे होतो, पण सारी विषमता तिथेच दडलेली आहे. लाळेला वेळ कुणाच्या तोंडात मिळतो? ज्याची जेवणं ठरलेल्या वेळी आणि पोटभर होतात, त्याच्या. ज्याला दिवसभर मिळेल तेव्हा मिळेल ते तोंडात टाकावं लागतं, रात्रपाळीत जागं राहायला सारखं काहीतरी गोड घ्यावं लागतं, त्याच्या लाळेला उसंतच नाही. साखर ही सगळ्यात स्वस्त ताकद आहे आणि ती सगळीकडे मिळते. तंबाखूचंही तसंच. भूक मारायला आणि अंगमेहनत सोसायला ती सुरू होते, आणि मग आपण त्याला 'वाईट सवय' असं नाव देऊन केस पेपरवर टिक करतो.

'किती साखर' यापेक्षा 'किती वेळा' हे जास्त महत्त्वाचं, हे ज्ञान आलं कुठून, हेही तुला ठाऊक असायला हवं. स्वीडनमध्ये लुंड इथल्या व्हिपेहोल्म या संस्थेत १९४५ पासून काही वर्षं प्रयोग झाले. तिथे ठेवलेल्या मतिमंद माणसांना मुद्दाम गोड खायला दिलं, काहींना तर दातांना चिकटून राहील अशी खास बनवलेली टॉफी जेवणांच्या मधल्या वेळात देत राहिले, आणि दात किडताना मोजत बसले. संमती कुणी विचारली नाही. त्यांना नाही म्हणताही येत नव्हतं. प्रयोगामागे मिठाई आणि चॉकलेट उद्योगाचे पैसेही होते. १९५४ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि आज जगभरातले दंतवैद्य ते पेशंटला ऐकवतात. मला या गोष्टीचा अजून संताप येतो. ज्यांच्या तोंडाची किंमत समाजानं शून्य धरली, त्यांच्याच तोंडातून आपलं हे शास्त्र उभं राहिलं.

आता दुसरा एक अभ्यास, हा सभ्यपणे केलेला. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास त्यांच्या लहानपणापासून चालू आहे. ती सव्वीस वर्षांची झाली तेव्हा त्यांचे दात आणि हिरड्या तपासल्या. हलाखीत वाढलेल्यांमध्ये किड आणि हिरड्यांचा आजार, दोन्ही कितीतरी जास्त. इथपर्यंत कुणालाही अंदाज येईल. पण त्यातली काही मुलं पुढे शिकली, चांगल्या नोकऱ्यांना लागली, तरीही बालपणीच्या गरिबीची खूण त्यांच्या तोंडातून गेली नाही. २००२ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं. मोठेपणी पगार वाढतो, घर बदलतं. इनॅमल मात्र शरीर पुन्हा तयार करत नाही. तेव्हा समोर नीटनेटक्या कपड्यांतला, चांगली नोकरी असलेला माणूस बसला असेल आणि त्याच्या दाढांची अवस्था वाईट असेल, तर 'एवढे शिकलेले असून असं कसं?' हे तुझ्या तोंडून निघू देऊ नकोस.

आणि हा प्रश्न फक्त अगदी गरिबांचा आहे असंही समजू नकोस. मायकल मार्मट यांनी ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या अभ्यासातून दाखवलं की आजारपण समाजाच्या उतरंडीप्रमाणे पायरीपायरीनं वाढत जातं, वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूसही सगळ्यात वरच्यापेक्षा थोडा अधिक आजारी असतो. दातांचं चित्र याहून वेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ३५० कोटी माणसांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, आणि त्यातले चारपैकी तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. एवढी माणसं एकाच वेळी आळशी असू शकत नाहीत.

आता ज्याबद्दल तुम्हाला कॉलेजात सगळ्यात कमी शिकवतात त्याबद्दल. दात गेला की काय काय जातं? आपल्या चार्टवर एक फुली पडते. गॅरी स्लेड यांनी १९९७ मध्ये दातांच्या त्रासाचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते विचारणारी चौदा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली मांडली, 'ओहिप-चौदा' म्हणतात ती. तुमच्या कम्युनिटी डेंटिस्ट्रीच्या पुस्तकात तिच्यावर एखादा परिच्छेद असेल. तो वाचून पुढे जाऊ नकोस, प्रश्न मोठ्यानं वाच. दातांमुळे शब्द उच्चारायला त्रास झाला का? जेवण अर्धवट सोडावं लागलं का? लाज वाटली का? दुसऱ्या माणसांवर चिडचिड झाली का? रोजचं काम करणं अवघड गेलं का? आयुष्य कमी समाधानाचं वाटलं का? या चौदांमधल्या एकाचंही उत्तर आपल्या तपासणीच्या आरशात आणि एक्स-रेत दिसत नाही.

हात तोंडावर धरून बोलणाऱ्या बायका तुझ्या ओपीडीत रोज येत असतील. त्यांच्याकडे लक्ष दे. पुढचे दात गेले की माणूस आधी हसणं सोडतो, मग चारचौघांत बोलणं, मग चारचौघांत जाणंच. मुलाच्या शाळेत पालकांना बोलावतात तेव्हा ती आई जात नाही, आणि शिक्षकांना वाटतं, हिला मुलाची पर्वा नाही. माणसांसमोर उभं राहायचं काम असेल तिथे अशा तोंडाच्या बाईला कुणी घेत नाही, नाही म्हणताना कारण दातांचं सांगत नाहीत एवढंच. अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक गोष्ट मोजून दाखवली. लहानपणी फ्लोराइडयुक्त, म्हणजे किडीला अटकाव करणारं, पाणी मिळालेल्या भागात वाढलेल्या बायकांची कमाई तसं पाणी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी जास्त होती, आणि हा फरक मुख्यतः गरीब घरांतून आलेल्यांमध्ये होता. म्हणजे गरिबीनं दात जातात आणि गेलेले दात माणसाला गरिबीतच ठेवतात. पुरुषांच्या कमाईत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. का, ते तू बाईच आहेस, तुला सांगायला नको.

याउलट, असंही होईल की तोंडात चार दाढा शिल्लक असलेला एखादा म्हातारा तुला सांगेल, 'मला काही त्रास नाही, डॉक्टर.' त्यावर विश्वास ठेवून पुढचा केस पेपर उचलू नकोस. ज्यानं आयुष्यात कधी काही मागितलेलं नसतं, तो दातही मागत नाही. वय झालं की दात जायचेच, अशी त्यानं मनाची समजूत घातलेली असते. अशा वेळी 'त्रास आहे का?' असं विचारून काही हाती लागत नाही. 'हल्ली काय खाणं सोडलंत?' असं विचार, मग ऐक.

तू म्हणशील, मग सरकारं काय करतात? तोंड हे बाकीच्या शरीरापासून वेगळं काढण्याची सवय जुनी आहे. जगातलं पहिलं दंतमहाविद्यालय १८४० मध्ये बाल्टिमोरला निघालं तेव्हापासून डॉक्टर वेगळे आणि आपण वेगळे. आपल्या विद्येची त्यानं भरभराट झाली, पण आरोग्यसेवेच्या पैशात हात आखडायची वेळ आली की कात्री आधी तोंडावर चालते. ब्रिटननं १९४८ मध्ये सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. तीन वर्षांत पैसे कमी पडले, तेव्हा पहिलं शुल्क कवळ्यांवर आणि चष्म्यांवर बसलं. ती सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावरून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस होऊन गेला, हे आपल्या व्यवसायातल्या किती जणांना माहीत असतं?

दात म्हणजे चैन, असं धरलं की त्याचा शेवट कुठे होतो तेही पाहा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एक बारा वर्षांचा मुलगा दाताच्या गळवाचा जंतुसंसर्ग मेंदूत पसरून गेला. साधा दात वेळेवर काढला असता तर तो वाचला असता. घरची परिस्थिती बेताची, सरकारी विम्याचं संरक्षण मध्येच खंडित झालेलं, आणि तो विमा स्वीकारणारे दंतवैद्य शोधूनही मिळत नव्हते. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, तेही राजधानीच्या जवळच. त्याच्या मरणानंतर तिथले नियम सुधारले.

उपाय म्हणून आपण पत्रकं वाटतो. 'दिवसातून दोनदा ब्रश करा, गोड टाळा.' माझा पत्रकांवर फारसा विश्वास उरलेला नाही. ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि डोक्याला शांतता आहे तो पत्रक वाचून सुधारतो, बाकीचे होते तिथेच राहतात, आणि दोघांमधलं अंतर वाढतं. माणसावर जिथे वेगळं ओझं पडत नाही तिथे फरक दिसतो. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स या शहरानं पिण्याच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली, आणि तिथल्या मुलांची किड उतरली. (जिथे पाण्यात मुळातच ते जास्त आहे तिथे काढून टाकावं लागतं, हे विसरू नकोस.) स्कॉटलंडनं २००६ च्या सुमारास बालवाड्यांमध्येच रोज मुलांकडून देखरेखीखाली ब्रश करून घ्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये पहिलीच्या निम्म्याहून कमी मुलांचे दात किडीपासून मुक्त होते, २०२० पर्यंत ते प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं. गरीब आणि श्रीमंत वस्त्यांमधली दरी तिथेही अजून आहेच, पण ती अरुंद झाली. ब्राझीलनं २००४ पासून दंतसेवा सार्वजनिक आरोग्यसेवेत आणली.

तुझ्या हातातलंही थोडं सांगते. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, म्हणजे किडीवर लावायचं ते द्रव औषध, तुमच्या विभागात असेल तर ते वापरायला शिक. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, फ्लोराइड टूथपेस्ट आणि दात भरायचं ग्लास आयनोमर सिमेंटही आहे. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, थेंबभर लावलं की बरेचदा किड थांबते. फक्त किडलेला भाग काळा पडतो. मागच्या दाढेला चालेल, पण पुढच्या दाताला लावताना आधी आईला आणि मुलालाही विचार. गरीब आहेत, काळा दात चालवून घेतील, असा निर्णय त्यांच्या वतीनं तू घेऊ नकोस. शाळेत त्याला कुणी चिडवलं तर ते त्याला सोसायचं आहे.

केस पेपरवर 'पेशंट निष्काळजी' असं लिहू नकोस, ज्यानं लिहिलं असेल त्याला खोडायला सांगण्याइतकी तू अजून वरिष्ठ नाहीस, पण स्वतः लिहू नकोस. त्या जागी विचारून लिही की काम काय, कामाची पाळी कुठली, सुट्टी कधी मिळते, येताना किती वेळ लागतो. यातूनच ठरेल की कुणाला एका बैठकीत रूट कॅनॉल पूर्ण करता येईल. एकच मूळ असलेला, पू नसलेला दात असेल तर तुमच्या सरांना विचारून बघ, बरेचदा जमतं. आणि संध्याकाळची ओपीडी आठवड्यातून एकदा तरी चालवता येईल का, हे विभागप्रमुखांच्या कानावर घाल. एकटी जाऊ नकोस, बरोबरीच्या दोघा-तिघांना घेऊन जा, आणि मजुरी बुडते म्हणून किती जण उपचार अर्धवट सोडतात ते महिनाभराच्या रजिस्टरमधून आधी मोजून ने. काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
आई