सभासदांसाठी कोविडकाळातील सूचना: व्यायामशाळा आणि हॉल बंद, मदतकार्य सुरू

सर्व सभासदांना नमस्कार.

कोविडमुळे बंद केलेली व्यायामशाळा आणि टेबल टेनिसचा हॉल तूर्त उघडणार नाही. बंद जागेत धापा टाकताना विषाणू फार लवकर पसरतो. योगवर्ग मात्र मैदानावर होईल. सतरंजी घरूनच आणा, एकमेकांत सहा फूट अंतर ठेवा. ताप-खोकला असेल तर कृपया येऊ नका.

मदतीचे काम थांबलेले नाही. टेबल टेनिसच्या टेबलावर आता किराण्याच्या पिशव्या रांगेने मांडल्या आहेत. धान्य सगळे आठवणीने देतात. साबण आणि सॅनिटरी पॅड राहून जातात, तेव्हा ते जरूर द्या. शेजारी कुणी ज्येष्ठ एकटे राहत असतील तर औषधे संपली आहेत का, दाराबाहेरूनच विचारा आणि आम्हाला कळवा. मदत घेणाऱ्यांचे फोटो कुणीही काढू नयेत.

– व्यवस्थापन समिती