माईच्या आधी ती वाट चालून आलेल्या मुलीस

प्रिय बाय,

तुझं नाव कुठे लिहायचं नाही ही तुझी अट आहे, ती पाळते. पण आभार मात्र चारचौघांत मानणार. अमेरिकेहून परतून आठवडाही झालेला नाही. माईच्या पायांची सूज अजून उतरायची आहे आणि संध्याकाळी कोणी ना कोणी दारात येऊन विचारतं, "कशी झाली गो सहल?" सांगता सांगता बोलणं तुझ्यावर येतं आणि मग माझा आवाज लागत नाही. म्हणून लिहायला बसले.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही भावंडं डिचोलीची, खाणींच्या तांबड्या धुळीत वाढलेली. थोरली माई गावातच राहिली. दोघे भाऊ मस्कत-दुबई करून पर्वरीला आले, धाकटी पुण्याला दिली, आणि दादा भूगर्भशास्त्र शिकून सत्तरच्या दशकात टेक्सासला गेला तो तिथलाच झाला. पण जमेल त्या वर्षी चवथीला तो यायचाच. गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी बांधायला शिडीवर दादा आणि खाली नारळ-सुपाऱ्यांचे घोस हातात घेऊन आम्ही, अशी आमची चवथ. मग त्याच्या पायाच्या शिरांचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंदच करून टाकला. त्या वर्षी व्हिडिओ कॉलवर आरती केली. आरती संपली तरी कोणी फोन ठेवीना. शेवटी माई म्हणाली, "त्याला येता येत नाही ना? मग आपण जाऊया. सगळीच्या सगळी."

कुठे जमायचं हे दादाला विचारलं. ह्यूस्टनचं घर आहेच, पण तो म्हणाला, बिग बेंड. तरुणपणी हातोडी घेऊन जे डोंगर त्याने पायाखाली घातले, ते भावंडांना एकदा दाखवायचे होते. ह्यूस्टनहून मुलगा त्याला थांबत थांबत गाडीने आणणार होता. आमचं काय ते आम्ही बघायचं होतं.

बिग बेंड म्हणजे टेक्सासच्या पश्चिमेला, मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीच्या मोठ्या वळणात असलेलं राष्ट्रीय उद्यान. १९४४ सालचं. क्षेत्रफळ ३,२०० चौरस किलोमीटरांच्या वर, म्हणजे आपल्या अख्ख्या गोव्याहून थोडंसंच कमी, आणि तेवढ्या मुलखात वस्ती जवळजवळ नाहीच. बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. सभोवार चिवावा वाळवंट आणि त्याच्या मधोमध चिसोस डोंगर. आख्खीच्या आख्खी रांग एकाच राष्ट्रीय उद्यानात मावते अशी अमेरिकेतली ही एकमेव डोंगररांग. मिडलंडच्या विमानतळावरून गाडीने साडेतीन-चार तास. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना घेऊन अशा ठिकाणी जायचं तर कोणीतरी जाणता हवा होता.

इथल्या एका प्रवास कंपनीकडे गेलो. त्यांनी आगाऊ रक्कम घेतली आणि न्यूयॉर्क, नायगारा, लास व्हेगास असा छापील कार्यक्रम पुढे सरकवला. दादाचं सगळं सांगितलं, तर समोरचा माणूस म्हणाला, "तिथे दगडांशिवाय आहे काय? म्हाताऱ्या माणसांना कशाला नेता?" फारच मागे लागलो तेव्हा पार्काच्या जवळचं म्हणून हॉटेल सुचवलं ते फोर्ट स्टॉकटनला. पार्काच्या मुख्यालयापासून दोनशे किलोमीटर! रोज जाऊन-येऊन चारशे किलोमीटर माई गाडीत बसणार, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही, कारण माईबद्दल त्यांनी एक प्रश्नही विचारला नव्हता. पैसे परत मागायला गेले तेव्हा बसा म्हणायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. आणखी एकाने चार दिवस गोड बोलून पुढे फोन उचलायचं सोडलं. मला त्यांच्या अज्ञानाचा राग नाही. "मला ठाऊक नाही, विचारून सांगतो," एवढं कोणी म्हणालं असतं तरी आम्ही वाट बघितली असती. आमच्या माणसांची त्यांना काहीच पडलेली नव्हती, ते मात्र अजून सलतं.

आणि मग भाच्याने तुझा नंबर दिला. त्याच्या मित्राची बहीण, मूळची सावंतवाडीची, मिडलंडला इस्पितळात नोकरी, सुट्टी मिळाली की बिग बेंडला चालायला जाते. ओळख म्हणावी तर एवढीच. मी जरा बिचकतच फोन केला. माणसं किती, दिवस किती, खर्च किती, याच प्रश्नांची सवय झाली होती. तू पहिलाच प्रश्न विचारलास, "तुमच्यात सगळ्यांत हळू कोण चालतं?"

म्हटलं, माई.

"मग माईंपासून सुरू करूया," तू म्हणालीस. फोन ठेवला आणि मी देवासमोर जाऊन बसले, खरंच सांगते.

पुढे तू जे जे सांगितलंस त्याची यादी करत नाही. व्हिसाच्या मुंबईच्या खेपा, तिकिटं, गाड्या, ते सगळं झालं एकदाचं. पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाच्यांना मोठी घरगाडी भाड्याने घ्यायची हौस होती. चिसोस बेसिनला, म्हणजे त्या डोंगरांमधल्या खोलगट भागाला, चढणाऱ्या रस्त्याची वळणं इतकी आवळ आहेत की २४ फुटांहून लांब गाडी तिथे नेऊ नये असं पार्कवालेच सांगतात, हे तुझ्याकडून कळलं आणि तो बेत तिथल्या तिथे मोडला. माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत पाहिजेच. काळोख पडल्यावर गाडी हाकायची नाही, रस्त्यावर हरणं येतात. वाळवंट म्हणून आम्ही सुती कपडे काढून ठेवले होते. तू म्हणालीस, नदीकाठ १,८०० फुटांवर आणि एमरी शिखर ७,८०० फुटांच्याही वर, दुपारी पंखा हवासा वाटेल आणि रात्री स्वेटर पुरायचा नाही. आणि दादाची औषधं एकाच पिशवीत ठेवू नका, दोन गाड्यांत निम्मी निम्मी ठेवा, कारण जवळचं इस्पितळ अल्पाइनला, आम्ही उतरणार त्या टर्लिंग्वाहून सव्वाशे किलोमीटरांच्या वर. ही गोष्ट दादाच्या डॉक्टर सुनेलासुद्धा सुचली नव्हती.

पण मला लिहायचंय ते त्या रेकॉर्डिंगबद्दल.

सगळं ठरत आलं आणि माईने पाय मागे घेतला. "तुम्ही जा. मी ह्यूस्टनच्या घरात बसून राहते. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको." आम्ही किती समजावलं. पार्काच्या पत्रकातलं वाचून दाखवलं की बेसिनमध्ये विंडो व्ह्यू नावाची एक वाट आहे, जाऊन-येऊन जेमतेम अर्धा किलोमीटर, पक्की, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. माई म्हणाली, "चोर्ला घाटाबद्दलही असंच लिहितील कागदावर." हे सगळं मी तुला फोनवर बोलता बोलता बोलून गेले होते. तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तुझा निरोप आला: हे फक्त माईंसाठी आहे, त्यांच्या कानाशी धरा. फोटो नाही, व्हिडिओ नाही, नुसता आवाज. मोतीबिंदू काढल्यापासून माईला फोनचा पडदा बघवत नाही, हे मी कधीतरी सांगितलेलं तू लक्षात ठेवलं होतंस. माई मागच्या पडवीत आदोळीवर नारळ खोवत होती. मी तिच्या कानाशी फोन धरला.

"माई, मी गाडीतून उतरले हां. आता तुमच्या चालीने चालते." मग बुटांचा आवाज, सावकाश, एक पाऊल, थांबून दुसरं. वाऱ्याचा सूं सूं आवाज. "इथे जरासा चढ आहे. काठी टेका. घाई नाही." पुन्हा पावलं. "हा बघा, इथे बाक आला. मी बसते. तुम्हीपण बसा."

आणि तू खरोखर बसलीस, बाय. त्या रेकॉर्डिंगमध्ये पुढे कितीतरी वेळ काहीच नाही. वारा आणि मध्येच एका पक्ष्याची शीळ, बस्स. दमलेल्या म्हाताऱ्या बाईला दम खायला जितका वेळ लागेल तितका वेळ तू तिथे एकटी बसून राहिलीस आणि मग विचारलंस, "उठूया?"

माईचा हात खोबऱ्यावर थांबला होता. तू "बसा" म्हणालीस तेव्हा ती फोनलाच म्हणाली, "बसले गो बाय." तेव्हापासून तू आमच्या घरात बाय आहेस.

त्या एका आवाजासाठी तू सुट्टीचा आख्खा दिवस आणि जाऊन-येऊन सात-आठ तासांची गाडी घालवलीस. दुसऱ्या दिवसापासून माई संध्याकाळी तुळशीपासून फाटकापर्यंत काठी घेऊन चालायला लागली. येणार की नाही हे पुन्हा कोणी विचारलंच नाही.

सहलीचं काय सांगू? तूच आखलेली, तुला सगळं ठाऊक. टर्लिंग्वा हे पाऱ्याच्या खाणींचं जुनं गाव, खाणी बंद पडल्या आणि गाव ओसाड झालं. दादा आणि भाऊ त्या पडक्या भिंतींशी उभे राहून डिचोलीच्या खाणी बंद पडल्या तेव्हाच्या गोष्टी बोलत राहिले, जेवणाची वेळ टळली तरी. जीवाश्मांचं दालन पाहायला हवंच, असं तू का म्हणत होतीस ते तिथे गेल्यावर कळलं. चालणं थोडं, डोक्यावर सावली, आणि वर टांगलेला तो केवढा थोरला उडता प्राणी, केत्झालकोआत्लस, ज्याची हाडं १९७१ साली याच पार्कात सापडली. पण माई अडकली समुद्राच्या भागात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता असं दादाने सांगितलं, दगडातले शिंपले दाखवले. माईने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "अरे, ह्या तर आपल्या कालवणातल्या तिसऱ्या!" मग दादा तिला चुनखडीचा दगड कसा होतो ते सांगायला लागला आणि ती शाळेतल्या पोरीसारखी ऐकत होती. तो पन्नास वर्षं तिकडे काय काम करतो ते तिला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं, असं तीच म्हणाली.

आणि विंडो व्ह्यू. माई पुढे, आम्ही मागे. बाक दिसायच्या आधीच ती म्हणाली, "आता बाक येईल." दादा आणि ती शेजारी शेजारी बसली. समोर डोंगराच्या कड्यातली ती फट, बेसिनमधलं पावसाचं सगळं पाणी जिथून बाहेर पडतं ती, आणि त्यात मावळणारा सूर्य. आम्ही कोणी फोटो काढले, कोणी रडलो. रात्री टर्लिंग्वाच्या अंगणात दादाने आरती सुरू केली. चवथ नव्हती, गणपती नव्हता, टाळ म्हणून ताटावर चमचा. वर आभाळ असं की पुण्याच्या नातवंडांना आकाशगंगा दाखवायला बोट करावं लागलं नाही.

परतताना मिडलंडला तू भेटायला आलीस, तेव्हा तुझ्या पेट्रोलचे तरी पैसे घे म्हटलं. तू माईचा हात धरून तिच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिलीस.

मला आठवतं, लहानपणी आमच्याकडे परका माणूस वाट विचारायला आला की माझे वडील चपला घालून त्याच्याबरोबर वळणापर्यंत जायचे. हाताने दाखवून भागलं असतं, पण ते जायचे. आता लोक फोनवरचा नकाशा पाठवतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण वळणापर्यंत बरोबर येणारी माणसं संपली असं मी गेली काही वर्षं म्हणत होते, त्या प्रवास कंपनीच्या दारातून बाहेर पडताना तर नक्कीच म्हणाले होते. ते मी आता म्हणणार नाही. आमच्या सगळ्या पोरांना मी ते रेकॉर्डिंग ऐकवलंय. कोणाचं काम करताना असं करायचं, एवढंच त्यांना सांगितलं.

येत्या रविवारी आम्ही सावंतवाडीला तुझ्या आईकडे जाणार आहोत. माई येते म्हणाली आहे, गाडी दारापर्यंत जाते याची चौकशी केली आहे. आईला फोन करून सांग, जेवणाचा घाट घालू नकोस म्हणावं. खतखतं आणि सोलकढी आम्ही घरूनच करून आणतो. आणि पुढच्या चवथीला सुट्टी मिळते का ते आत्तापासून बघ. दादाची शिडी सध्या रिकामी आहे, माटोळी बांधायला माणूस हवा आहे.

तुझी,
डिचोलीची मावशी