विनूच्या छातीत काय झालं होतं

ढोकाळी, ठाणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

'विनूला मुका मार लागलाय' एवढंच मी तुम्हाला फोनवर सांगितलं. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. सगळं सांगितलं असतं तर तुम्ही त्याच रात्री एसटी धरली असतीत. आता तो घरी आलाय, जिना चढतोय, म्हणून लिहायला बसले. बोलायला घेतलं की आई रडते आणि बाबा मध्येच विचारतात, "बरगडी मोडली नाही ना? मग एवढं ऑपरेशन कशाला?"

बाबा, गोम तिथेच आहे. घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांपाशी पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला आणि विनू छातीने फाळक्यावर आदळला. हेल्मेट होतं, डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. चोवीस वर्षांच्या पोराच्या बरगड्या लवचीक असतात. त्या आत दबतात आणि पुन्हा जागेवर येतात. मार पोचायचा तो आत पोचतोच. विनूची श्वासनलिकाच फाटली होती.

आत काय असतं? आपल्या विहिरीवरच्या मोटरचा कड्यांचा हिरवा पाइप आठवा. साधा पाइप लावला तर मोटर ओढताना तो चपटा होतो, म्हणून कड्यांचा लागतो. श्वासनलिकेचंही तसंच. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, कूर्चेच्या, म्हणजे कान-नाकात असतं तसल्या मऊ हाडाच्या, १६ ते २० कड्या. पण कड्या पुऱ्या गोल नाहीत, मागच्या बाजूला उघड्या. तिथे नुसता मऊ पडदा आणि त्याला लागूनच अन्ननलिका. नलिकेचा वरचा भाग गळ्यात, खालचा छातीत. छातीत गेल्यावर तिला दोन फाटे फुटतात, एक उजव्या फुप्फुसाला, एक डाव्या.

छाती समोरून दाबली गेली की दोन्ही फुप्फुसं बाजूला फाकतात आणि ओढ बसते ती नेमकी फाट्यावर. शिवाय धडकेच्या क्षणी माणूस दचकून श्वास रोखतो. गळा बंद, हवा आत कोंडलेली, वरून दणका. लहानपणी विनू कागदी पिशवी फुगवून फोडायचा ना, तसं. मुक्या माराने नलिका फाटते ती बहुतेक या फाट्यापासून २.५ सेंटिमीटरच्या आतच, असं सर्जन म्हणाले. विनूचीही फाट्याच्या जरा वर, उजव्या अंगाला फाटली होती.

आई, मी व्हिडिओ कॉल करत नव्हते म्हणून तू रुसलीस. त्याचा चेहरा तुला दाखवायचा नव्हता. फाटीतून निसटलेली हवा कातडीखाली शिरून मान, गाल, पापण्या टम्म फुगल्या होत्या. मानेला हात लावला की कुरमुऱ्याची पिशवी दाबल्यासारखं कुरकुरायचं. थुंकीतून थोडं रक्त, आवाज बसलेला. पहिल्या हॉस्पिटलात कोंडलेली हवा बाहेर काढायला त्याच्या छातीत नळी घातली आणि 'सूज उतरेल' म्हणून दोन दिवस नुसतं ठेवलं. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत असतं, त्यातून बुडबुडे येतात. नुसतं फुप्फुसाला भोक पडलं असेल तर ते बहुतेक वेळा हळूहळू कमी होतात. याचे थांबेचनात आणि फुप्फुस काही फुलेना. रात्रभर ते बुडबुडे ऐकत बसायचे. अजून आमच्या फिशटँकचा पंप लावायला नको वाटतं मला.

मग दुसरीकडे हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी बाटलीकडे पाहूनच सीटी स्कॅन आणि दुर्बीण सांगितली. दुर्बीण घशातून आत घातली तेव्हा फाट दिसली. लहान फाट असेल आणि रोगी नीट श्वास घेत असेल तर कधी कधी नुसतं लक्ष ठेवूनही भरते. विनूची तशी नव्हती. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं काम सगळ्यात अवघड. वरून जोरात हवा भरली तर ती फाटीतूनच बाहेर जाणार. म्हणून दुर्बिणीने बघत बघत श्वासाची नळी फाटीच्या पलीकडे, डाव्या फाट्यात नेली आणि एका फुप्फुसावर श्वास चालू ठेवला. उजव्या कुशीतून, बरगड्यांमधून जाऊन टाके घातले, विरघळणारे. डावीकडून गेलं तर महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीची, कमान आड येते. वरून बरगड्यांमधल्या स्नायूची पट्टी ठिगळासारखी लावली. बाबा, ट्यूबला पंक्चरचं ठिगळ लावतात तसंच, फक्त इथे माणूस श्वास घेत असतो.

आता पुढचं. टाक्यांच्या जागी वण घट्ट होऊन नलिका अरुंद होऊ शकते, म्हणून पुन्हा दुर्बिणीने बघणार आहेत. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा चालताना धाप वाढली, तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. तो गावी येईल तेव्हा चुलीजवळ बसवू नकोस, आणि ठसका लागला म्हणून पाठीत धपाटे घालू नकोस. जड उचलायला महिनाभर तरी बंदी आहे. बाबा, तुमची भाताची पोती शेजारच्या पोरांना सांगा.

रविवारी सकाळी तो स्वतः फोन करणार आहे. आवाज अजून घोगराच आहे, आवाजाची नस श्वासनलिकेला लागूनच जाते म्हणून. 'मोठ्याने बोल, ऐकू येत नाही' असं म्हणू नका. मोबाइल कानाला घट्ट धरा.

तुमची,
माई