आयनिक लिक्विडची बाटली बेसिनमध्ये रिकामी करू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हरित रसायनशास्त्र अभ्यासक्रमात आल्यापासून ‘आयनिक लिक्विड’ हे नाव एम.एस्सी.च्या मुलांच्या तोंडी बसले आहे. प्रकल्पाच्या अहवालात ठरलेले वाक्य असते: हे द्रावक उडून जात नाही, पेट घेत नाही, म्हणून पर्यावरणस्नेही आहे. नेहमीच्या तापमानाला ते उडून जात नाही हे खरे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे, कारण त्याच भरवशावर या बाटल्या उघड्या टेबलावर हाताळल्या जातात आणि उरलेले द्रव नळाखाली सोडले जाते. नाशिकमधील महाविद्यालये आणि सातपूर-अंबडच्या लहान चाचणी प्रयोगशाळांसाठी काही नेमक्या गोष्टी येथे मांडत आहोत.

ही द्रव्ये म्हणजे क्षारच. त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, मोठे आणि बेढब असल्याने स्फटिकात नीट रचले जात नाहीत, म्हणून ती १०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतात. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये नोंदवलेले इथिल अमोनियम नायट्रेट १२ अंशांच्या आसपासच पातळ होते. आपल्याकडे जास्त दिसते ते ब्युटिल-मिथिल-इमिडॅझोलियमचे कुटुंब, बोलीत ‘बीमिम’. धन आयन तोच राहतो, पण ऋण आयन बदलला की स्वभाव पार बदलतो. बीमिम क्लोराइड पाण्यात विरघळते, हवेतला ओलावा ओढते आणि गिळल्यास विषारी या वर्गात मोडते. बीमिम हेक्साफ्लोरोफॉस्फेट पाण्यात मिसळत नाही, तळाशी बसते. बीमिम टेट्राफ्लोरोबोरेट खोलीच्या तापमानाला पाण्यात मिसळते. लेबलवर शेवटच्या दोघांचे कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाहा: १७४५०१-६४-५ आणि १७४५०१-६५-६. दोन्ही बाटल्यांतला द्रव रंगहीन आणि दाट, त्यामुळे घाईत चुकीची बाटली उचलली जाते. कपाटात त्या शेजारी ठेवू नयेत आणि ऋण आयनाचे नाव बुचावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे.

सर्वांत कमी बोलला जाणारा धोका या फ्लोरिनवाल्या दोघांचा आहे. ओलावा आणि उष्णता एकत्र आली की हेक्साफ्लोरोफॉस्फेट आयन तुटतो आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. द्रव आधीच आम्लधर्मी असेल तर ही क्रिया आणखी वेगाने होते. टेट्राफ्लोरोबोरेटचा आयन तर पाण्यासमोर त्याहून सहज तुटतो. पावसाळ्यात नाशिकच्या हवेत बूच सैल राहिलेली बाटली भरपूर पाणी ओढून घेते. मग ‘सुकवण्यासाठी’ तीच बाटली ओव्हनमध्ये जाते, आणि नेमके तिथेच नुकसान होते. काचेची आतली बाजू दुधाळ, खरखरीत दिसू लागली तर आम्लाने काच खाल्ली आहे असे समजावे.

तापवण्याआधी एक साधी तपासणी करावी. प्लास्टिकच्या नळीत १ मिलीलीटर द्रव आणि १ मिलीलीटर डिस्टिल्ड पाणी घ्यावे, बूच लावून मिनिटभर हलवावे आणि थर वेगळे झाल्यावर वरच्या पाण्याच्या थरात पीएच पेपर बुडवावा. पीएच ४ च्या खाली गेला तर ते द्रव तापवू नये, काचेतून काढून एचडीपीईच्या (जाड पॉलिथिलीन प्लास्टिकच्या) बाटलीत भरावे आणि टाकाऊ म्हणून नोंदवावे. ही पद्धत हेक्साफ्लोरोफॉस्फेटसारख्या न मिसळणाऱ्या द्रवाला लागू आहे. बोरेटमध्ये थर वेगळा होत नाही, तिथे मिश्रणावरच पेपर लावावा. पेपरचा रंग बदलला नाही म्हणजे फ्लोराइड अजिबात नाही असे नव्हे, म्हणून हातमोजे आणि गॉगल तरीही हवेतच.

हायड्रोफ्लोरिक आम्लाचा भाजण्याचा प्रकार इतर आम्लांसारखा नसतो. सौम्य द्रावण लागले तर लगेच दुखत नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी ठणका सुरू होतो. तोवर फ्लोराइड कातडीतून आत उतरून शरीरातले कॅल्शियम बांधू लागलेले असते. म्हणून ज्या प्रयोगशाळेत ही दोन द्रव्ये आहेत, तिथे प्रथमोपचार पेटीत २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असलेच पाहिजे. तयार जेल मिळत नसेल तर ३.५ ग्रॅम कॅल्शियम ग्लुकोनेटची पूड सुमारे १५० मिलीलीटर पाण्यात विरघळणाऱ्या वैद्यकीय जेलीत घोटून त्या ताकदीच्या जवळपासचे जेल बनवता येते. डब्यावर तारीख टाकावी. अपघात झाल्यास हातमोजे आणि भिजलेला कपडा लगेच काढावा, जेल हाताशी असेल तर ५ मिनिटे (नसेल तर किमान १५) वाहत्या पाण्याखाली धुवावे, मग मदत करणाऱ्याने स्वतः नवे हातमोजे घालून जेल चोळत राहावे. दुखणे थांबल्यावरही १५ मिनिटे चोळावे. कॅल्शियम क्लोराइड कातडीवर कधीही लावू नये. १०८ ला फोन करताना आणि रुग्णालयात पोहोचल्यावर ‘केमिकलने भाजले’ एवढेच न सांगता ‘हायड्रोफ्लोरिक आम्लाची शक्यता आहे’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर साधे भाजणे समजून मलम लावून घरी पाठवले जाते.

वाफ होत नाही याची एक उलटी बाजू आहे. ॲसिटोनचा थेंब टेबलावर पडला तर काही सेकंदांत उडून जातो. आयनिक लिक्विडचा थेंब पुसेपर्यंत तिथेच असतो: वजनकाट्याच्या कडेला, दाराच्या मुठीवर, वहीवर, पेनावर. दिसायला पाण्यासारखा किंवा ग्लिसरीनसारखा, त्यामुळे पुढच्या तासाला येणारा विद्यार्थी त्यावर हात टेकवतो. साध्या डिस्पोजेबल नायट्राइल मोज्यांवर थेंब पडला की मोजा लगेच बदलावा, कारण तो सुकणार नाही. पाण्यात न मिसळणाऱ्या प्रकारांसाठी ओला फडका निरुपयोगी आहे. आधी कोरड्या कागदाने टिपावे, मग ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कागदाने पुसावे (आसपास बर्नर पेटता नको) आणि सगळे कागद टाकाऊच्या पिशवीत घालावेत. जास्त सांडले तर कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (द्रव शोषणारे खनिज) टाकावे. फ्लोरिनवाल्या द्रवासाठी लाकडाचा भुसा वापरू नये, तो स्वतःच ओलसर असतो.

बीमिम क्लोराइड सुमारे ७० अंशांना वितळते. त्यामुळे नेहमीच्या तापमानाला बाटलीत त्याचा पांढरा दगड झालेला असतो. तो चमच्याने फोडू नये, खपली उडून डोळ्यात जाते. बूच अर्धा फेरा सैल करून बाटली ७५-८० अंशांच्या पाण्याच्या बाथमध्ये गळ्यापर्यंत पाणी येणार नाही अशी उभी करावी. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नये: आयन मायक्रोवेव्ह फार जोरात शोषतात, काही सेकंदांत तापमान हाताबाहेर जाते आणि द्रव्याचे विघटन होते. या विघटनाबद्दलही गैरसमज आहे. ‘अमुक अंशांपर्यंत स्थिर’ हा आकडा बहुधा मिनिटाला १० अंश वाढवत केलेल्या चाचणीतून येतो. त्याच तापमानाला तासन् तास ठेवले तर द्रव्य टिकत नाही. बीमिम क्लोराइड तुटले की मिथिल-इमिडॅझोल आणि क्लोरोब्युटेन बाहेर पडतात. पहिले कातडी जाळते, दुसरे सहज पेटते. नायट्रेटचे काही प्रकार तर स्वतःच ज्वलनशील किंवा स्फोटक असतात. म्हणून तापवण्याचे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या बंदिस्त कपाटात) व्हावे.

बनवण्याबद्दल थोडेच सांगतो. बीमिम ब्रोमाइड करताना मिथिल-इमिडॅझोल आणि ब्रोमोब्युटेन एकदम ओतण्याची चूक वारंवार होते. ०.१ मोलच्या प्रयोगात ८.२ ग्रॅम मिथिल-इमिडॅझोल घेऊन त्यात १३.७ ग्रॅम ब्रोमोब्युटेन बर्फाच्या बाथवर थेंबाथेंबाने, किमान अर्ध्या तासात घालावे. थर्मामीटर फ्लास्कच्या आत असावा आणि पारा ४० च्या वर जाऊ देऊ नये. उत्पादन जमू लागले की मिश्रण इतके दाट होते की चुंबकी कांडी अडकते, उष्णता एका जागी साठते आणि मग तापमान भडकते. थोडे इथिल ॲसिटेट किंवा टोल्युइन घातल्यास ढवळणे चालू राहते, फक्त ती दोन्ही ज्वालाग्राही आहेत हे लक्षात ठेवावे. पुढे हेक्साफ्लोरोफॉस्फेट करायचे असेल तर ६० टक्के हेक्साफ्लोरोफॉस्फोरिक आम्लाऐवजी त्याचा पोटॅशियम क्षार वापरावा. त्या आम्लाच्या बाटलीत हायड्रोफ्लोरिक आम्ल मुळातच असते.

आता बेसिनचा प्रश्न. बीमिम सहजासहजी जैवविघटनशील नाही. धन आयनाला जोडलेली कार्बनची साखळी लांबली, म्हणजे ब्युटिलऐवजी ऑक्टिल किंवा डेसिल आले, की जलचरांसाठीचा विषारीपणा वाढत जातो. तपोवन, आगरटाकळी येथील मलनिस्सारण केंद्रे घरगुती सांडपाण्यासाठी बांधलेली आहेत, असल्या आयनांसाठी नाहीत. बेसिनमध्ये सोडलेले द्रव गोदावरीपर्यंत पोहोचू शकते. एनटीएफ-टू नावाचा फ्लोरिनयुक्त ऋण आयन असलेली द्रवे पाण्याने तुटत नाहीत, म्हणून ती सुरक्षित मानली जातात, पण त्याच कारणाने निसर्गातही ती वर्षानुवर्षे टिकून राहतात.

टाकाऊ द्रव एचडीपीईच्या कॅनमध्ये, खाली ट्रे ठेवून, धन आणि ऋण आयन दोन्ही लिहून साठवावे. आम्लाच्या टाकाऊमध्ये फ्लोरिनवाले द्रव कधीही मिसळू नये, पत्र्याचा डबाही चालणार नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार साठवणुकीची मुदत ९० दिवसांची आहे. एका महाविद्यालयाकडे तेवढ्या काळात जेमतेम लिटरभर द्रव जमते. तेवढ्यासाठी रांजणगाव किंवा तळोजाच्या प्रक्रिया केंद्राची गाडी बोलावणे परवडत नाही, आणि बेसिनचा मोह तिथूनच सुरू होतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयाने महाविद्यालयांची यादी करून दर तीन महिन्यांनी एकच गाडी सर्वांकडे फिरेल अशी व्यवस्था लावावी, आणि प्राचार्यांनी विभागाच्या खरेदीच्या मागणीपत्रात, बाटलीच्या किमतीखालीच, तिच्या विल्हेवाटीच्या खर्चाची ओळ आजपासून घालावी, ही विनंती.

आपले,
रसायनशास्त्राचे दोन अध्यापक, गंगापूर रोड, नाशिक