पुट्टी मारण्यापूर्वी

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीची जागा विकायला काढली आहेस आणि ग्राहक येण्याआधी बेडरूमच्या गळक्या छतावर पुट्टी मारून रंग देऊन घेण्याचा सल्ला दलालाने दिला आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. तसे करू नकोस, असे मी स्पष्टच सांगतो. आणि त्यामागे केवळ सचोटीचा आग्रह नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे विक्रेत्याने आपणहून सांगायचा असतो तो असा महत्त्वाचा दोष, जो त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता. बेडरूमच्या छताचे पोपडे आज कोणालाही दिसतात. ते पाहून भाव पाडून मागणे हा ग्राहकाचा हक्कच आहे. मात्र त्यावर पुट्टी फिरली की उघडा दोष तू स्वतः दडवलेला दोष ठरतो, आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणे याला करार अधिनियमाच्या कलम 17 मध्ये कपट म्हटले आहे. रंगाचा खर्च करून तू दाव्याचे कारण त्याच्या हाती देशील. दलालाचे काय, तो दलाली घेऊन मोकळा!

शिवाय तो रंग टिकायचाही नाही. पाणी स्लॅबमध्ये मुरत राहिले की सळई गंजते, गंजाने फुगते आणि खालचे काँक्रीट सोडवते. पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा वर येईल. म्हणून आधी गळतीचे मूळ शोधून घे. पाणी वरच्या घराच्या न्हाणीघरातून येत असेल तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे तो त्या सभासदाचा आणि तुझा प्रश्न आहे. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची. इमारतीला 30 वर्षे उलटली असल्याने दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवे. शेवटच्या अहवालाची प्रत सचिवांकडून माग आणि ती ग्राहकापुढे ठेव.

साठेखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, 'जागा आहे त्या स्थितीत' एवढ्यावर भागवू नकोस. कोणत्या खोलीत कुठे ओल आहे, ती ग्राहकाने पाहिली आहे आणि ती धरूनच किंमत ठरली आहे, असे लिहून फोटो परिशिष्टात जोड. त्यासाठी लाख-दोन लाख सोडावे लागले तरी सोड.

खरी अडचण मला दुसरीकडेच दिसते. जागा काकांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, नावावर होती आणि त्यांच्या पश्चात नामनिर्देशनामुळे (नॉमिनेशन) सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेट) तुझे नाव लागले. पण त्याने मालकी एकट्या तुझी होत नाही; बहिणीही वारस आहेत. दोघी बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही घेऊ नकोस.

मसुदा हाती आला की सही करण्यापूर्वी मला पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत